भिंतीचं दुसरं काम

नागपुरात फ्लॅट बघायला आलेला माणूस आधी भिंतीवर टकटक करतो. किचन, पार्किंग, लिफ्ट सगळं नंतर. बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं, कान द्यायचा आणि बायकोकडे बघून मान हलवायची. आवाज बद्द आला तर काम पक्कं, पोकळ आला तर 'कागदाच्या भिंती आहेत बे' असं पार्किंगमध्ये उतरल्यावर म्हणायचं. स्ट्रक्चरल डिझाइनच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. दरवेळी सांगावंसं वाटतं की काका, ही भिंत काहीही उचलत नाहीये. उद्या फोडून टाकलीत तरी वरचा स्लॅब जागचा हलणार नाही, सगळं ओझं कॉलमवर आहे. पण मी सांगत नाही. त्या माणसाची शंका रास्तच असते. हे घर मे महिन्यात राहू देईल का, हे त्याला विचारायचं असतं. आणि विचारायला समोर भिंतीशिवाय कोणी नसतं.

कॉलेजात आम्हाला उंच इमारतींचा इतिहास शिकवला तो मजले मोजत. दहा, सोळा, सव्वीस, शंभर. त्या गोष्टीचं माहेर शिकागो. परीक्षेत सनावळ्या लिहिल्या, मार्क मिळाले आणि विषय संपला. पुढे नागपुरातच फ्लॅट स्कीमांचे कॉलम-बीम काढता काढता लक्षात यायला लागलं की शिकागोची ती सगळी कथा भिंतीचीही आहे. तिच्यावरचं ओझं कसं काढून घेतलं, मग वेगळ्या रूपानं परत कसं दिलं, आणि या देण्याघेण्यात तिचं एक काम कसं कोणाच्याच हिशेबात राहिलं नाही.

शिकागो मुळात बांधायला वाईट जागा. मिशिगन सरोवराच्या काठची दलदल, खाली मऊ चिकणमाती, खडक फार खोल. 1850 च्या दशकात सांडपाण्याचा निचरा होईना, म्हणून त्या शहरानं रस्तेच काही फूट वर घेतले. रस्ते वर गेले आणि इमारती खड्ड्यात राहिल्या, तर इमारतींनाही जॅक लावले. ट्रेमाँट हाउस नावाचं विटांचं मोठं हॉटेल 1861 मध्ये असंच उचललं, आत पाहुणे राहत असताना. खाली माणसं ओळीनं उभी, इशारा झाला की प्रत्येकानं आपापला स्क्रू थोडासा फिरवायचा. आमच्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून जुन्या लेआऊटमधली घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि पहिल्या पावसात पाणी हॉलमध्ये येतं. जॅकवाले इथेही आता फिरायला लागलेत. त्यामुळे ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट मला काही नवलाची वाटत नाही.

मग 8 ऑक्टोबर 1871 ची आग. शहर बहुतेक लाकडाचं होतं. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली, मधला सगळा व्यापारी भाग राख झाला. त्या आगीत बांधणाऱ्यांना आणखी एक कळलं: लोखंड पेट घेत नाही, पण तापलं की त्याचा जीव जातो. उघडे लोखंडी खांब वाकून, वितळून पडले होते. म्हणून पुढे लोखंडाला भाजक्या मातीच्या पोकळ टाइल्सचं आवरण द्यायची पद्धत आली. जमीन महाग होत चालली होती. ओटिसची सुरक्षित लिफ्ट न्यूयॉर्कात 1850 च्या दशकातच आलेली होती. वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

वर जायला आड येत होती ती भिंत. विटांच्या भिंतीवरच मजले चढवायचे तर प्रत्येक मजल्यागणिक खालची भिंत जाड करावी लागते. जाड भिंत तळमजल्याची जागा खाते, आणि दुकानाचं भाडं सगळ्यात जास्त मिळतं ते तळमजल्यालाच. या अडचणीचं टोक शिकागोत अजून उभं आहे. मोनॅडनॉक बिल्डिंग, 1891 साल, सोळा मजले, उत्तरेकडचा अर्धा भाग पूर्ण विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत सहा फूट जाड. बर्नहॅम आणि रूट या आर्किटेक्ट जोडीचं काम.

दिराकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेलो होतो तेव्हा एक दिवस मी ती बघायला एकटीच ट्रेननं शहरात गेले. घरचे सिअर्स टॉवरच्या (आताचा विलिस टॉवर) काचेच्या गॅलरीत फोटो काढायला गेले होते. मोनॅडनॉकला मी एका तळमजल्याच्या खिडकीशी उभी राहून हात आत घातला. कोपर, खांदा, तरी काच हाताला लागेना. विटा तपकिरी, नक्षी जवळजवळ नाही. फक्त भिंत तळाशी हलकेच बाहेर फुगलेली, तिला वजन झेपवायचंय हे दिसू देणारी. आठेक इंच खचेल असा हिशेब धरून ती बांधली होती, प्रत्यक्षात वीसेक इंच खचली. मातीनं हिशेब मानला नाही, ही ओळखीची गोष्ट. आणि त्याच इमारतीचा दक्षिणेचा भाग 1893 चा, दुसऱ्या आर्किटेक्टांनी पोलादी सांगाड्यावर केलेला. रस्त्यावरून चालत गेलं की दोन वर्षांत काय बदललं ते एका नजरेत दिसतं.

त्या खोल खिडकीनं मला महालातलं आजीचं घर आठवलं. भोसल्यांच्या काळापासून महालात वाडे झाले, त्यातलाच एक साधासा. ओसरी, चौक, वर माडी, सागवानी खांब, आणि माती-चुन्यात बांधलेल्या दोन हात रुंद भिंती. आम्ही पोरं खिडकीत मांडी घालून बसायचो, पाठ एका कडेला आणि पाय दुसऱ्या. मे महिन्यात दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, आणि मधल्या खोलीत आजी अंगावर पातळ चादर ओढून झोपलेली असायची. कूलर नंतर आला. आधी फक्त दाराला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर पाणी मारायला कोणीतरी धाकटं.

यात जादू नव्हती. नऊ इंची विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण सहा-सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर चार वाजता बसलेलं ऊन रात्री दहा-अकराला आत झिरपायला लागतं. भिंत त्याच्या दुप्पट जाड असेल तर ऊन आत पोचेपर्यंत पहाट होते, आणि तोवर भिंत बाहेरच्या बाजूनं निवायलाही लागलेली असते. वाडा दिवसा आत राहायचा आणि रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपायचा, हा दिनक्रम त्या भिंतीच्या वेळापत्रकावर बसवलेला होता. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांचे गोल व्हरांडे आणि उंच छतं, 1940 मध्ये सुरू झालेलं आर्किटेक्ट मेड यांचं दगडी हायकोर्ट, या सगळ्यांनी साहेबी थाट केला तरी उन्हाशी व्यवहार याच पद्धतीनं केला.

म्हणजे भिंतीला दोन कामं होती. एक वरचं ओझं उचलायचं, दुसरं बाहेरचं हवामान थोपवून धरायचं. शिकागोनं तिचं पहिलं काम काढून घेतलं. विल्यम ल बॅरन जेनी या आर्किटेक्टची होम इन्शुरन्स बिल्डिंग, 1885, दहा मजले, 138 फूट, ही जगातली पहिली गगनचुंबी म्हणून आम्ही पाठ केली. 1931 मध्ये पाडताना अभ्यासकांनी तिची हाडं तपासली, आणि ती पूर्ण सांगाड्यावर उभी होती की काही भिंतीही भार घेत होत्या, यावर आजही वाद आहे. कोणाला पहिला नंबर द्यायचा ते देवोत. पाच-दहा वर्षांत पद्धत रुळली: वजन पोलादाकडे, भिंत म्हणजे नुसतं पांघरूण.

शिकागोला ते लाभलं. तिथला हिवाळा लांब आणि अंधारा, विजेचे दिवे नवे आणि महाग. भिंत पातळ झाली, खिडकी मोठी झाली, टेबलावर उजेड आला. थंडीला खाली बॉयलर होताच. त्या शहराचा प्रश्न उजेडाचा होता आणि उत्तर उजेडाचं मिळालं.

पायाची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण धंद्याची खोड. आधी रूटनं रेल्वेचे रूळ आडवेउभे रचून काँक्रीटमध्ये पुरले आणि त्या चटईवर इमारत ठेवली. मग 1893 च्या सुमारास, लुई सलिव्हनच्या स्टॉक एक्स्चेंजच्या वेळी, माणसांनी हातानं खोल गोल खड्डे खणले, कडेनं फळ्या आणि लोखंडी कडी लावत, आपल्याकडे विहीर खोदतात तसे, आणि ते काँक्रीटनं भरले. त्याला शिकागो केसॉनच म्हणतात. नागपूरच्या पश्चिमेला आमचं भांडण उलट जातीच्या मातीशी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर पाया ठेवलेल्या जुन्या घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा असतात, त्या दर दिवाळीला लांबीनं भरायच्या आणि दर जूनमध्ये पुन्हा बघायच्या. तिच्यासाठी रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले पाइल शोधून काढले. पण बहुतेक ठिकाणी थोडं खोल गेलं की मुरूम लागतो आणि खाली काळा दगड. त्या बाबतीत आम्ही शिकागोपेक्षा कितीतरी नशीबवान. पाया हा नागपूरचा प्रश्न नव्हेच. डोक्यावरचं ऊन हा प्रश्न.

सांगाडा नागपुरात आला तो सिमेंट-सळईचा. ऐंशी-नव्वदच्या दशकात धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेतले बंगले पाडून तीन-चार मजली फ्लॅट स्कीम झाल्या. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली चार इंची, वर पाच इंचांचा स्लॅब. वरच्या मजल्यावर राहिलेल्याला विचारा: तो स्लॅब संध्याकाळी सहालाच आत ऊन ओतायला लागतो. तरी या स्कीमनं एक शहाणपण राखलं होतं. प्रत्येक खिडकीबाहेर कूलरचं लोखंडी स्टँड. दिसायला भयंकर, गंजाचे ओघळ थेट पार्किंगपर्यंत. पण नागपूरची उन्हाळी हवा इतकी कोरडी की पाण्याचा कूलर इथे खरंच काम करतो, फक्त त्याला आत आलेली हवा बाहेर जायला समोरची एक खिडकी उघडी लागते. भिंतीनं सोडलेलं काम कूलरनं कसंबसं उचललं.

मग काच आली. वर्धा रोडला पश्चिमेकडे तोंड केलेल्या निळ्या-हिरव्या काचेच्या इमारती बघून मी आर्किटेक्ट मीसला मनातल्या मनात बोल लावते, जे पूर्ण न्यायाचं नाही. मीस व्हॅन डेर रोह यांचे शिकागोतल्या लेक शोअर ड्राइव्हवरचे दोन सव्वीस मजली टॉवर, 1951. जगभरच्या काचेच्या डब्यांचे हे पणजोबा. मी ते सरोवराच्या बाजूनं पाहिले, आणि खोटं कशाला बोलू, पाय निघेना. काळं पोलाद, मोजून ठेवलेल्या रेषा. पण त्या रेषांत एक गंमत आहे. आगीच्या नियमामुळे खरं पोलाद काँक्रीटच्या आत लपवावं लागलं, म्हणून मीसनं बाहेरून जे आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या, लावले ते इमारत उचलत नाहीत. सांगाडा प्रामाणिक दिसावा म्हणून चढवलेला दागिना. बाहेरून एकसारखं दिसावं म्हणून पडदेही सगळ्यांना एकाच रंगाचे. आणि उन्हाळ्यात तिथले रहिवासी त्या काचेमागे उकडत होते, हे त्या सुंदर फोटोंत दिसत नाही. शिकागोचा उन्हाळा म्हणजे आपली होळीनंतरची हवा. तिथे ही तऱ्हा, तर 23 मे 2013 ला 47.9 अंश बघितलेल्या गावात काय होणार? (मे 2024 मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले होते. नंतर यंत्र बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. पण त्या दिवशी गावात कोणालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता.)

नागपूर आणि उष्णता यांचा एक जुना शहाणा माणूस होऊन गेला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला इथे सुरू झाली, आणि पुढे त्यांनी मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे स्प्रिंकलर बसवले. सूत तुटू नये हा हेतू असेलच, पण माणसंही त्याच हवेत काम करत होती. हेच जमशेटजी 1893 मध्ये जपानहून निघालेल्या जहाजावर विवेकानंदांचे सहप्रवासी होते. स्वामीजी शिकागोला जिथे 11 सप्टेंबरला बोलले ती इमारत मोनॅडनॉकपासून चालत जायच्या अंतरावर. मिलच्या जागेवर आज मॉल आणि फ्लॅट आहेत.

भिंतीला तिचं पहिलं काम परत मिळालं ते स्ट्रक्चरल इंजिनियर फझलूर खान यांच्यामुळे. आमच्या पुस्तकात त्यांचं नाव होतं, गाव नव्हतं. जन्म 1929, ढाका. शिक्षण कलकत्त्याजवळ शिबपूरला आणि ढाक्याला, मग इलिनॉय. खान यांच्यापुढचा प्रश्न वजनाचा नव्हता, वाऱ्याचा होता. मजले वाढवले तर वजन त्या प्रमाणात वाढतं. वाऱ्याचा मार मात्र उंचीबरोबर त्याहून कितीतरी वेगानं वाढतो. आतल्या कॉलम-बीमच्या जाळ्यानं तो अडवायचा तर पोलाद परवडत नाही. खान म्हणाले, वारा बाहेरून येतो तर त्याला बाहेरच अडवा. सगळा परीघच एक नळी करा. जॉन हॅनकॉक सेंटर, शंभर मजले, अंगावर मोठमोठ्या फुल्या. प्रत्येक चौरस फुटामागे सुमारे 30 पौंड पोलाद. एम्पायर स्टेटला 42 लागलं होतं. मग सिअर्स टॉवर, 75 फुटी चौरसाच्या नऊ नळ्यांची मोळी, 442 मीटर, वीस वर्षांहून जास्त काळ जगात सर्वांत उंच. ती कल्पना हातात सिगारेटींचा जुडगा धरून निघाली असं सांगतात. हॅनकॉकच्या फुलीमुळे काही खिडक्यांतून तिरका खांब जातो. मला विचाराल तर त्या शहरातली सगळ्यात खरी खिडकी ती. आत बसून कळतं की बाहेरची बाजू काम करते आहे.

ही कल्पना नातवंडं-पतवंडं होत होत आमच्या गावापर्यंत आली ती अॅल्युमिनियमच्या शटरिंगमधून. साइटवर सगळे त्याला मायवान म्हणतात. वीट नाहीच. भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतायचे. सळयांची जाळी उभी करायची, वायरिंगचे पाइप आणि स्विचचे डबे तिला बायंडिंग वायरनं बांधायचे, दोन्ही बाजूंनी पत्रे कसायचे, आणि छत्तीसगडी पोरं पत्र्यावर लाकडी हातोडा मारत मारत काँक्रीट खालपर्यंत बसवतात. पत्रा काढला की भिंत आरशासारखी. प्लास्टर नको, मजला लवकर चढतो, भूकंपालाही चांगलं. इंजिनियर म्हणून मला ही पद्धत आवडते, भिंत पुन्हा कामाला लागलेली असते. फक्त ती सहा इंचांची असते, आणि काँक्रीटमधून उष्णता विटेच्या साधारण दुप्पट सहज जाते.

आता त्या टकटकीचं बघा. मायवानची भिंत ठोकली तर आवाज एकदम भरीव, पेर दुखतं. गिऱ्हाईक खूश. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, ठोकली तर पोकळ, कारण त्यात बुडबुडेच बुडबुडे. आणि त्या बुडबुड्यांमुळेच उष्णता विटेच्या चौथाईच्या आसपास जाते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख वापरून ब्लॉक आणि विटा इथे होतात, माल घरचा आहे. पण कान त्याला नापास करतो. आणि अठराव्या मजल्यावर कूलरचं स्टँड सोसायटी लावू देत नाही, इमारतीचं रूप बिघडतं. तिथला वारा पाहता ते बरोबरही आहे. राहिला एसी. तो आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर ओततो.

सध्या एक काम टेबलावर आहे. पश्चिमेला तलाव, बावीस मजले, सगळ्या मास्टर बेडरूम तलावाकडे. मी आर्किटेक्टला म्हटलं, जिने, लिफ्ट, टॉयलेट पश्चिमेला ढकल, माझ्या शिअर वॉल, म्हणजे वारा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीही, तिथेच येतील, वारा आणि ऊन दोन्ही त्याच खातील. त्याला पटलं. बिल्डर हसला. "मॅडम, लेक व्ह्यूचे एक्स्ट्रा पैसे लागतात, अन् लोकं देतात बी. टॉयलेटातून तलाव दाखवू काय?" मी म्हटलं, मग निदान बाहेर पूर्ण लांबीची खोल बाल्कनी द्या, भिंतीला सावली तरी मिळेल. तो म्हणाला, किती खोल? मी सहा फूट म्हटलं, तो तीन. चारवर थांबलो, आणि उरलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांना बाहेरून एएसीचं अस्तर. ड्रॉइंगमध्ये सूर्याचे कोन टाकून पाहिले: मेमध्ये तीनपर्यंत काच सावलीत राहते, नंतर ऊन आत शिरतं. तीन ते सहाचं काय करायचं, यावर आर्किटेक्टनं बांबूच्या चिकांच्या पडद्यांचा हूक स्लॅबमध्येच घालून ठेवायचं सुचवलंय. शुक्रवारी पुन्हा बसणार आहोत, एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचा, हिशेब चार फुटांनी हलला आहे.